परंपरेत विमान कुठून आलं?

"स्मशानात मंगलाष्टक लावलंय," माझ्या मागच्या रांगेतली बाई हळू आवाजात म्हणाली.

"जाऊ दे गं. मुलगी इथेच जन्मलेली, तिला काय कळणार," तिच्या शेजारचीने उत्तर दिलं. मग थोडा वेळ दोघी ऐकत राहिल्या. पहिलीने विचारलं, की शब्द कोणाचे आहेत, ऐकल्यासारखे वाटत नाहीत. दुसरी म्हणाली, "कोणाचे असणार? पारंपरिकच."

काकू, तेव्हा तुमचाच आवाज चालू होता. क्रिमेटोरियमच्या त्या हॉलमध्ये आपल्याला चाळीस मिनिटं मिळाली होती आणि त्यातली शेवटची दोन तुम्ही गात होतात. तुमच्या शवपेटीपुढचा निळा पडदा हळूहळू बंद होत होता. लग्नात मंगलाष्टकं संपली की अंतरपाट दूर होतो. इथे पडदा मिटत होता आणि तुम्ही "सावधान" म्हणालात. माझी मूठ आपोआप वळली, आत अक्षता असल्यासारखी. आत काही नव्हतं.

मी मागे वळून त्या दोघींना एक वाक्य सांगायला हवं होतं. मी कोटाचं बटण लावत राहिले.

तुमच्या अश्विनीचा दोष नाही. तिने बर्मिंगहॅमहून फोन करून विचारलं होतं, "गौरी, आईचा एखादा चांगला रेकॉर्डिंग आहे का तुझ्याकडे? गातानाचा?" माझ्याकडे एकच होतं. ते अशा वेळी लावत नाहीत हे तिला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. तरी मी पाठवलं, कारण तुमचा दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता. आणि खरं सांगायचं तर "नाही" म्हणण्यापेक्षा पाठवून देणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतंत. पुण्याहून शिकायला आले, विमानतळाजवळ, तुमच्या हाउन्सलोच्या घरातली वरची खोली घेतली, आणि आठ दिवस जिन्यावरून फक्त "हॅलो काकू" एवढंच म्हणत होते. नवव्या दिवशी तुम्ही जिन्याखाली उभ्या राहून म्हणालात, "गौरी, देवाने तोंड जेवायला दिलंय असं समजलीस, तरी निदान जेवायला ये." मी आले. तुम्ही विचारत गेलात आणि मी मान हलवत गेले. मध्येच विमान आलं. तुमच्या घरावरून दर दोन मिनिटांनी एक विमान उतरायला जायचं आणि तेवढा वेळ घरातलं बोलणं थांबायचं. तुम्ही डाव तसाच हवेत धरून थांबायचात आणि विमान गेलं की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे न्यायचात. मला ते थांबणं फार आवडायचं. जगात एक जागा अशी होती जिथे गप्प राहायला कारण द्यावं लागत नव्हतं.

शिक्षण संपल्यावर मला टीव्ही मालिका बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. काम काय, हे तुम्हाला समजावताना मलाच पहिल्यांदा नीट समजलं. मालिकेत कुठलंही गाणं वाजलं, मग ते नायिकेच्या रेडिओवर चार सेकंद का असेना, तरी कोणाची तरी परवानगी लागते. एकाची नाही, दोघांची. गाणं ज्याने रचलं त्याची एक, आणि ते ज्या रेकॉर्डिंगमधून घेतलं त्याच्या मालकाची दुसरी. माझ्या वर्गातल्या मुलांना हे कळायला एक सत्र लागलं होतं. तुम्ही वरण फोडणीला टाकता टाकता म्हणालात, "म्हणजे आमटीची कृती एकाची आणि आजची पातेल्यातली आमटी दुसऱ्याची. कृती विचारलीस म्हणून माझं पातेलं उचलून नेता येत नाही." मी नंतर ऑफिसात एका नव्या मुलीला हे इंग्रजीत सांगितलं. तुमचं नाव न घेता. ते आज आठवतंय.

तुम्ही तुमच्या मैत्रिणींना सांगायचात, ही गाण्यांच्या पोलीसखात्यात आहे.

करारातली वाक्यं तुम्हाला वाचून दाखवायला मजा यायची. "सर्व माध्यमांत, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोध लागेल त्या, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी." तुम्ही विचारलंत, विश्वात म्हणजे चंद्रावरसुद्धा का. मी म्हटलं, हो. तुम्ही म्हणालात, "एवढ्या मुदतीचं तर लग्नसुद्धा नसतं गं." आणि लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं टिकतो हे ऐकल्यावर तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मेल्यावर इतकी काळजी घेतात, चांगलं आहे."

मग ते लग्न आलं. तुमच्या दोन घरं पलीकडची मुलगी, लग्न रीडिंगच्या एका हॉटेलात. इथल्या अर्ध्या मराठी लग्नांत मंगलाष्टकं तुम्ही म्हणायचात हे मला माहीत होतं. मी मागच्या खुर्चीवर बसून फोनवर रेकॉर्ड केलं, सवयीने, आणि अंतरपाटामागून येणारा तुमचा आवाज इतका स्वच्छ आला, की पुढे चार महिन्यांनी आमच्या मालिकेत लग्नाचा प्रसंग आला तेव्हा मी मीटिंगमध्ये आपणहून बोलले. माझ्याकडे एक रेकॉर्डिंग आहे, म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटतं त्या मीटिंगमधलं ते माझं पहिलं वाक्य असेल.

सगळं नीट केलं मी. रेकॉर्डिंग माझं, त्याची परवानगी मी लिहून दिली. तुम्ही गायिका म्हणून सही केलीत. मुलीच्या घरच्यांनी सही केली. मग प्रत्येक भागाबरोबर जातो तो तक्ता भरला: कुठलं गाणं, किती सेकंद, कोण गातं, चाल कोणाची, शब्द कोणाचे. चालीच्या रकान्यात मी "ट्रॅडिशनल" लिहिलं. ते बरोबर होतं. त्याच्या शेजारच्या, शब्दांच्या रकान्यातही मी "ट्रॅडिशनल" लिहिलं.

मी तो तक्ता छापून तुम्हाला दाखवायला घरी आणला. गायिकेच्या रकान्यात तुमचं नाव होतं, ते बघून तुम्ही खूश व्हाल म्हणून. तुम्ही चष्मा लावलात, बोटाने ओळ पकडलीत आणि बोट पुढे सरकवलंत. विचारलंत, हे शेवटचं काय लिहिलंय. मी अर्थ सांगितला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, कोणा एकाचं नसलेलं.

तुम्ही तो कागद टेबलावर ठेवलात आणि गायला नाहीत, नुसत्या ओळी म्हणून दाखवल्यात, शाळेत कविता म्हणतात तशा:

आकाशी घुमते विमान वरती, थांबे जरी बोलणे
डोळ्यांनी समजे मनातिल तुम्हा, ऐसे असो नांदणे

"गौरी," तुम्ही म्हणालात, "परंपरेत विमान कुठून आलं?"

काकू, मी ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं होतं ते मला मोजता येणार नाही. सेकंद मोजले होते, मागची कुजबुज कमी केली होती, सुरुवात आणि शेवट कापला होता. शब्द ऐकले नव्हते. लहानपणी पुण्यात लग्नांना जायचे तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली की आम्ही शाळेतल्या मैत्रिणी इंग्रजीत गप्पा मारत आईस्क्रीमच्या टेबलाकडे सरकायचो. लांबवून म्हटलेलं, न कळणारं, सगळीकडे सारखंच काहीतरी, ते म्हणजे मंगलाष्टक, अशी माझी समजूत होती. प्रत्येक लग्नासाठी कोणीतरी बसून नवीन रचतं हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या घरात दोन वर्षं राहून माहीत नव्हतं.

तुम्ही वही आणलीत. प्रत्येक पानावर एक जोडपं. विमानतळावर जेवणाचे ट्रे भरायच्या पाळीत तुम्ही ही वृत्तं बोटांवर जुळवायचात, पाव, लोणी, काटाचमचा, झाकण. नवरी मुलीला फोन करून एकच प्रश्न विचारायचात, तुमचं भांडण कशावरून होतं. या मुलीने सांगितलं होतं, की तो विमान जायची वाट बघत नाही, बोलतच राहतो, आणि मग तिला अर्धं ऐकू येत नाही.

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की चूक माझी आहे. मी म्हटलं, "ते लोक असंच लिहितात, काकू." ते लोक. जणू मी तिथे नव्हतेच.

दोन दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. डबा जिन्यावर ठेवलेला असायचा, हाक यायची नाही. तिसऱ्या दिवशी मी खाली आले आणि बाजू मांडली. म्हटलं, तुम्ही तर हे आहेर म्हणून देता, कधी कोणाकडून काही घेतलं नाहीत, मग आता नावाचं काय. मला वाटलं, बिनतोड बोलले. तुम्ही फडताळातून स्टीलचा उभा डबा काढलात, त्यातले पोहे ताटात ओतलेत आणि डबा उपडा करून माझ्यापुढे धरलात. बुडावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं: चि. शरयू हिस, आईकडून.

"भांडं देताना नाव घालूनच देतात," तुम्ही म्हणालात. "परत मागायला नाही."

मग मी तुम्हाला कायदा सांगितला, कारण माझ्याकडे तेवढंच होतं. या देशात शब्द लिहिले की ते आपोआप तुमचे होतात. पण त्यांच्याखाली तुमचं नाव लागावं, हा हक्क आपोआप सुरू होत नाही. तो सांगावा लागतो. लेखी, सही करून. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, हा कायदा तुझ्यासारख्या मुलींना फार वाईट आहे.

त्याच दुपारी तुम्ही रेघांच्या कागदावर लिहिलंत. मराठीत, आणि खाली तुमच्या मोठ्या अक्षरांच्या इंग्रजीत: "या ओळी मी, शरयू बोडस हिने, शेजारच्या मुलीच्या लग्नासाठी रचल्या. चाल जुनी आहे, सगळ्यांची आहे. शब्द माझे आहेत. त्यांच्याखाली माझं नाव असावं, एवढंच म्हणणं आहे." सही. तारीख. "दे तुझ्या साहेबांना," म्हणालात.

माझ्या वरिष्ठ हेलन. वाईट बाई नाहीत. पण त्या मालिकेच्या कागदांवर मी लिहून दिलं होतं, की या शब्दांवर कोणाचाही हक्क नाही, आणि ते खोटं ठरलं तर उत्तर मला द्यावं लागणार होतं. माझं प्रोबेशन चालू होतं. नोकरी गेली तर व्हिसा जातो. हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती, आपल्या गल्लीत प्रत्येक घरात एक तरी असा हिशेब होताच. मी कागद बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला. हाउन्सलो वेस्टला पिकॅडिली लाइनमध्ये बसायचे, हॅमरस्मिथला उतरायचे, तो कागद माझ्याबरोबर जायचा आणि माझ्याबरोबर परत यायचा. मी दमायचे. काम फार नसायचं, तरी दमायचे.

पहिल्या रविवारी तुम्ही विचारलंत, "दिलास का गं?" मी म्हटलं, दिला. दुसऱ्या रविवारी विचारलंत, काय म्हणाल्या. मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. हे वाक्य मी ऑफिसात दिवसातून दहा वेळा लिहिते. तुमच्या तोंडावर म्हणताना ते अगदी सहज आलं, याची मला अजून भीती वाटते.

तिसऱ्या रविवारी तुम्ही विचारलं नाहीत. भाजी वाढता वाढता म्हणालात, "तुझं प्रोबेशन कधी संपतं गं?" मी म्हटलं, अजून सहा आठवडे.

"मग ठीक," तुम्ही म्हणालात. आणि विमान आलं.

त्या "मग ठीक"चा अर्थ मी रोज नव्याने लावते. तुम्हाला माहीत होतं का, काकू? कागद माझ्या बॅगेत आहे हे तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला सहा आठवडे दिलेत? की नुसतं विचारलं होतंत, भाड्याने राहणाऱ्या मुलीची चौकशी करावी तसं? विमान गेल्यावर तुम्ही वाक्य पुढे नेलं नाहीत. तेवढं एकदाच.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तुम्हाला हॉस्पिटलमध्ये नेलं. संध्याकाळी तुमचा फोन आला, आवाज रोजचाच. शनिवारी सोडतील म्हणतायत, मटकी भिजत घाल. मी त्या उभ्या स्टीलच्या डब्यातच घातली. शुक्रवारी सकाळी अश्विनीचा फोन आला.

त्यानंतर स्वयंपाकघरात जायची माझी हिंमत झाली नाही. मी वरच्या खोलीत ब्रेड खात होते. इथे माणूस गेल्यावर दोन आठवडे थांबावं लागतं, तारीख मिळावी लागते, फॉर्म असतात. अश्विनी येऊन-जाऊन सगळं करत होती. ती मला मिठी मारून म्हणाली, "आई तुझा खूप बोलायची." तुझ्याबद्दल, असं तिला म्हणायचं होतं. मी विचारलं नाही, काय बोलायची. भीती वाटली.

मधल्या काळात ऑफिसात कळलं, की मालिका परदेशात विकली गेली आहे. सगळे कागद येत्या बुधवारी तिकडे जाणार. हे कागद एकदा गेले की तिकडचा माणूस ते उतरवून घेतो, त्याच्यावरून पुढचा उतरवतो. कोणी ऐकत नाही. रकान्यात जे असेल ते खरं. दहा वर्षांनी कोणी त्या ओळी शोधल्या तर त्याला "ट्रॅडिशनल" सापडेल, आणि तो निर्धास्तपणे त्या घेईल, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी. तुमची सत्तर वर्षं सुरू होण्याआधीच संपलेली असतील, आणि ती मी संपवलेली असतील.

त्या दोघी बायकांचा मला राग आला नाही, काकू. त्यांनी फक्त तोंडाने म्हटलं. मी छापून दिलं होतं.

क्रिमेटोरियमहून घरी आले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर तो मटकीचा डबा होता. झाकण मोडांनी वर उचललं होतं. लांब, पांढरे, पिवळे पडलेले मोड, खायच्या पलीकडे गेलेले. मी ते काढून टाकले आणि डबा घासायला घेतला. बुडाला बोट लागलं तेव्हा ठिपके जाणवले. साबणाच्या फेसात न बघताही वाचता आलं. तुमच्या आईने कोणाला तरी पैसे देऊन बसवून हे कोरून घेतलं असेल, कारण तिला माहीत असणार, की भांडं पोरीबरोबर लांब जाईल आणि तिथे ओळखीचं कोणी नसेल.

अश्विनीने वही मला दिली आहे. म्हणाली, मला हा वाचता येत नाही, तू ठेव. मी रविवारभर वाचली. त्रेचाळीस जोडपी. काहींचं पुढे पटलं नाही, तिथे तुम्ही समासात बारीक फुली केली आहे, पण शब्द खोडलेले नाहीत. शेवटच्या पानावर माझं नाव आहे. जोडीदाराची जागा रिकामी, आणि खाली फक्त दीड ओळ, पेन्सिलीने. ती इथे लिहीत नाही. ती तुमची आहे आणि अपुरी आहे, आणि मी आता परवानगी कोणाला विचारू.

सोमवारी मी हेलनच्या खोलीत गेले. दार उघडं होतं तरी टकटक केली. त्यांनी मला बसायला सांगितलं, सुट्टी हवी असेल तर घे म्हणाल्या, तुमच्याबद्दल वाईट वाटलं म्हणाल्या. एवढ्यावर बाहेर पडता आलं असतं. मी बॅगेच्या आतल्या कप्प्यातून कागद काढून टेबलावर ठेवला. घड्यांवर तो मऊ पडला होता. त्यांनी खालचं इंग्रजी वाचलं, पुन्हा वाचलं, मग तारखेवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा तुझ्याकडे किती दिवस आहे.

त्याच वेळी वरून विमान गेलं. त्या वाटेवरूनच ती तुमच्या छपरावर येतात. तुमच्या घरी आपण दोघी थांबलो असतो. मी थांबले नाही. इंग्रजीत बोलले, तुम्हाला मराठीत सांगते.

"पाच आठवडे," मी म्हणाले. "त्यांनी दिला होता, मी लपवला. ते ट्रॅडिशनल नाही. तसं मी लिहिलं, न ऐकता. शब्द शरयू बोडस यांचे आहेत."